अर्ध्या सुताची लहर

माझे भाऊजी जुन्या पिकअप गाड्या दुरुस्त करतात. दुरुस्त म्हणजे नुसत्या चालू करून देणं नव्हे. साठ वर्षांपूर्वी कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना गाडी जशी होती, तशी ते तिला परत करतात. तोच पत्रा, तोच रंग, दिव्याभोवतीची तीच कडी. काच वर करायचा दांडा मोडला असेल तर नवा लावायचा नाही, मोडलेलाच जोडायचा. कुणी कौतुकाने "वा, अगदी नवी केलीत की" म्हटलं की ह्यांचं तोंड कडू. "नवी नाही केली. होती तशी केली," एवढं बोलून पुन्हा गाडीखाली शिरणार.

ह्या हट्टापायी गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव 'मूळपुरुष' ठेवलं आहे, आणि ते मागून नाही, तोंडावर घेतात. भाऊजींना त्याचं काही वाटत नाही. मला तर वाटतं मनातून आवडतं.

एकदा एक फुलवाला आपल्या आजोबांची पिकअप घेऊन आला. चौकात त्याचं फुलांचं दुकान आहे, माणूस हौशी. त्याला गाडी वीतभर खाली हवी होती, चाकं रुंद हवी होती आणि गाडीच्या पोटाखाली निळे दिवे हवे होते. भाऊजींनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "आजोबा असते तर त्यांचेही पाय वीतभर कापले असते का?" मी बाजूच्या खोलीत सीट शिवत होते, सुई बोटात घुसेपर्यंत हसले. फुलवाला आधी चिडला, मग हसला, आणि गाडी ठेवून गेला. सात महिन्यांनी आजोबांची गाडी आजोबांसारखीच घेऊन गेला. तेव्हापासून दर आठवड्याला चक्कर टाकतो आणि आमच्या खिडकीत उरलीसुरली फुलं ठेवून जातो.

तर मी ह्यांची मेहुणी. वर्कशॉपला लागून असलेल्या खोलीत माझं जाड सुईचं मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि काथ्याचे ढीग आहेत. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. घरात एक हट्टी माणूस पुरेसा होता असं मी लोकांना सांगते. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करणं हा माझा हक्क, आणि तो मी तीसेक वर्षं इमानाने बजावला आहे. पण भाऊजींबद्दल सांगायचं तर ताईबद्दल सांगावं लागतं, कारण ज्याला लोक भाऊजींचं काम म्हणतात ते खरं तर दोघांचं होतं.

पोचे पडलेला पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो. दुसरा आतल्या बाजूने, बरोबर त्याच जागी, लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. हातोडी आणि ठोकळा ह्यांच्यामध्ये पत्रा हळूहळू आपल्या जागेवर येतो. ठोकळा जरा इकडेतिकडे झाला तर पत्र्याला दुसरा पोचा पडतो. ताई लग्न होऊन आली त्याच वर्षी भाऊजींचा जोडीदार दुसरीकडे कामाला गेला, आणि ताई म्हणाली, "धरायचंच आहे ना, मी धरते." नवी नवरी गाडीच्या आत अंग चोरून बसली, ती तीस वर्षं बसली.

बाहेर ठणठणाट चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. भाऊजी ओरडायचे, ताई आतून ओरडायची, आणि दोघांचंही दिवसाचं भांडण त्यातच उरकायचं. मग त्यांनी पत्र्यावर ठोकून बोलायचं ठरवलं. आतून एक टक म्हणजे ठोकळा लावला आहे, मारा. दोन टक म्हणजे इथलं झालं, पुढे चला. तीन म्हणजे थांबा, हात भरून आला.

ह्यातलं दोन टकचं महत्त्व सांगते. पत्रा सपाट झाला की बाहेरच्या माणसाला ते तळवा फिरवून कळतं, पण आतल्याला ठोकळ्यातून त्याआधीच कळतं. म्हणजे कुठे थांबायचं हे ताई ठरवायची. "मी दोनदा वाजवलं नाही ना," ती मला सांगायची, "तर हा माणूस पत्र्याचा कागद करेल. ह्यांना पुढे ढकलायला कुणीतरी लागतं." आणि भाऊजी, जे साक्षात गाडीच्या मालकाचं ऐकत नाहीत, ते दोन टक ऐकले की मुकाट्याने पुढे सरकायचे.

गाड्या तयार व्हायच्या, मालक यायचे, चावी घेऊन जायचे. ताई फाटकात उभी राहून जाणारी गाडी बघायची. एकदा ती सहज बोलून गेली, आणि ते माझ्या डोक्यात कायमचं राहिलं. म्हणाली, "किती गाड्यांच्या आत बसले गं मी. पण एकीतूनही कुठे गेले नाही."

गाडी नव्हती असं नाही. आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक होती, त्यांची स्वतःची. लग्नानंतर चार वर्षांनी भाऊजींना ती एका वीटभट्टीमागे सापडली होती. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. त्यांनी मालकाला पटवून, कोंबड्यांना नवं खुराडं बांधून देऊन ती सोडवून आणली. गोल मडगार्ड, लांब नाक, परदेशी गाड्यांसारखं डावीकडे स्टिअरिंग, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. "ही आपली," ते ताईला म्हणाले. "झाली की तुला धरणावर नेतो. तू खिडकीत कोपर ठेवून बसायचं." पण गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी आणि आपली नंतर, असं करता करता सव्वीस वर्षं गेली. ताई वर्षातून एकदा ताडपत्री झटकायची आणि गाडीला म्हणायची, "बाई, आपला दोघींचा नंबर काही लागत नाही."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा गाळता गाळता ताईच्या हातातून गाळणं पडलं. ते उचलायला ती वाकली आणि तिला उठता येईना.

अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. दवाखान्यात तीन आठवडे, मग घरी. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या. चार महिन्यांनी ती काठी घेऊन चालायला लागली. उजव्या हाताची मूठ वळायची, पण हात थरथरायचा. शब्द डोक्यात असायचे, तोंडात यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ समोरच्याने तोंडाकडे बघत थांबावं हे तिला नको व्हायचं. म्हणून तिने बोलणंच कमी केलं. दिवसभर बडबडणारी माझी बहीण खिडकीशी बसून राहायला लागली. घरापासून वर्कशॉप चाळीस पावलांवर आहे. ती तिकडे एकदाही आली नाही. मी आग्रह केला तर डावा हात हलवून 'नको' म्हणायची.

भाऊजींनी काय केलं? सगळी कामं परत पाठवली आणि ताडपत्री काढली.

दहा महिने ते त्या गाडीवर होते. एकटे. ठोकळा धरायला कुणी नाही म्हणून वाळूच्या पिशव्या टेकवून, पाचर ठोकून, कसंबसं. पण काम केलं ते त्यांनाच शोभेल असं. एकही पत्रा बदलला नाही. कोंबड्यांनी जो तळ खाऊन टाकला होता तोसुद्धा तुकडा तुकडा जोडून मूळचा ठेवला. दार आणि चौकट ह्यांच्यामधली फट चारी बाजूंनी सारखी हवी म्हणून त्यांनी दार अकरा वेळा काढून लावलं. आमच्यात इंचाचे आठ सूत करतात. ह्यांना अर्ध्या सुताचा फरक दिसायचा नाही, पण तळव्याला टोचायचा, आणि मग जेवण जायचं नाही. मी सीट केली: दारापासून दारापर्यंत एकसलग, जुन्या विणीची, चौकोनी टाके. सांगायला हरकत नाही, माझ्या हातची सगळ्यात चांगली सीट.

गाडी पूर्ण झाली त्या दिवशी रविवार होता. भाऊजींनी दाढी केली. ताईने ठेवणीतले कपडे घातले, मी तिचे केस बांधून दिले. ती काठी टेकत आवारात आली, गाडीसमोर उभी राहिली आणि डाव्या हाताने मडगार्डवरून हात फिरवला. हसली. त्या झटक्यानंतर मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. भाऊजींनी दार उघडून धरलं.

गाडीचं पायदान जमिनीपासून सतरा इंच वर होतं.

ताईने डावा पाय ठेवून बघितला, पण उजवा पाय तिचा भार घेईना. मग उजवा उचलायचा प्रयत्न केला, तो थोडासा उचलला गेला आणि खाली आला. मी मागून आधार दिला, भाऊजींनी काखेत हात घातले. तिघं मिळून आम्ही दाराशी झोंबत होतो. तिचा श्वास लागला. मग ती म्हणाली, "नको." थोडं थांबून, एकेक शब्द जुळवून म्हणाली, "छान... झाली आहे." आणि काठी टेकत घराकडे वळली. चाळीस पावलं. आम्ही दोघं बघत राहिलो, सोबत जायचंही आम्हाला सुचलं नाही.

भाऊजी अजून दार धरूनच उभे होते. शेवटी म्हणाले, "मूळची उंचीच तेवढी आहे."

माझं डोकं फिरलं. मी आजवर त्यांना कधी वेडंवाकडं बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "भाऊजी, ह्या गाडीची फट न् फट मोजलीत तुम्ही. अर्ध्या सुतासाठी अकरा वेळा दार काढलंत. ताईचा पाय किती उचलतो ते एकदा तरी मोजलंत का? ती तुमच्या घरात राहते, रोज उंबरा ओलांडते, तुमच्या डोळ्यांसमोर. कोंबड्यांना होती तशी गाडी करून ठेवलीत, आणि जिच्यासाठी केली तीच बाहेर." आणखीही काही बोलले, ते इथे लिहीत नाही. भाऊजींनी हळूच दार लावलं. दार काय सुरेख लागलं, नुसता खट्ट असा आवाज आला, आणि त्या आवाजाने मला रडू फुटलं.

पुढचे सहा दिवस वर्कशॉप बंद. भाऊजी ओट्यावर बसून गाडीकडे बघायचे. मी बोलत नव्हते, तेही नव्हते. सातव्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"धाकटे," ते म्हणाले, "तुझी ताई खुर्चीवर बसते, ती खुर्ची किती उंच असेल?"

"मला काय विचारता? घरात आहे ना खुर्ची. आणि ताईपण."

ते गेले. मी मशीन सोडून मागोमाग गेले, हे कबूल करते.

ताई खिडकीशी बसली होती. भाऊजींनी खिशातून आपली स्टीलची टेप काढली आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. आधी खुर्ची मोजली. मग तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं. मग म्हणाले, "अगं, पाय उचल बरं, जेवढा सहज उचलतो तेवढाच. जोर नाही करायचा." तिने उजवा पाय उचलला. त्यांनी टेप लावली. "पाच इंच," ते म्हणाले. "पुन्हा उचल. हं, पाच. आपण चार धरू." दारांच्या फटी मोजताना जसे श्वास धरून बसतात तसेच बसले होते. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने बायकोचं माप पहिल्यांदाच घेतलं असेल.

ताई वरून त्यांच्या टकलाकडे बघत होती. हळूहळू म्हणाली, "काय... शिवताय?"

भाऊजींनी मान वर केली नाही. खालीच बघत म्हणाले, "चुकलं माझं."

ताईने डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी आपली बाहेर आले.

व्यायामाच्या बाईंनी एक गोष्ट शिकवली होती, ती भाऊजींनी आता नीट ऐकून घेतली: ताईने आधी बसायचं, मग वळायचं, पाय शेवटी आत घ्यायचे. म्हणजे सीट दाराबाहेर तोंड करून फिरली पाहिजे. गाडी खाली आली पाहिजे. चार-चार इंचांच्या दोन पायऱ्या, घडी होणाऱ्या. आणि एवढं करूनही गुडघे दाराच्या चौकटीत अडकणार होते, कारण जुन्या पिकअपचं दार अरुंद असतं. चौकट मागच्या बाजूने चार इंच कापायची आणि दारही तेवढंच वाढवायचं, ह्याला पर्याय नव्हता.

ज्या माणसाने आयुष्यात मूळच्या पत्र्याला भोक पाडलं नव्हतं, त्याने खडूने चौकटीवर रेघ मारली. मग चहा प्यायला. रेघ पुसून पुन्हा मारली. पुन्हा चहा. दुपारी मी न राहवून म्हटलं, "कापायचं आहे की नुसतं चित्र काढायचं आहे?" त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, कटर चालू केला आणि एका दमात रेघेवरून नेला. ठिणग्या थांबल्यावर कापलेली पट्टी हातात घेऊन जरा वेळ बसले. मग ती भिंतीशी नीट उभी करून ठेवली.

दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय जातं. संध्याकाळी माझ्यावर पाळी आली. फिरती खुर्ची बसवायची म्हणजे माझी एकसलग सीट मधून कापावी लागणार होती. माझे चौकोनी टाके. मी कात्री घेऊन उभी राहिले आणि माझेही हात चालेनात. भाऊजी दारातून बघत होते. चिडवायची एवढी आयती संधी, पण ते काही बोलले नाहीत, आणि ह्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मी कापली.

चाकांवरच्या कमानींतले दोन-दोन लोखंडी पाटे काढल्यावर गाडी चार इंच खाली बसली. पायऱ्या झाल्या. खुर्ची फिरायला लागली. राहिलं दार. त्याला चार इंचांची नवी पट्टी जोडली होती, आणि जोडावर पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने पार वेडावाकडा झाला होता. तिथे वाळूच्या पिशव्या उपयोगाच्या नव्हत्या. ठोकळा धरायला माणूसच हवा होता.

"धाकटे, धरतेस का?" भाऊजी म्हणाले.

धरला. दार दोन लाकडी घोड्यांवर उभं टेकवलं होतं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. ते म्हणत, "वर", मी वर घेई. ते म्हणत, "वर नाही, वरच्या डाव्या अंगाला", आणि तोवर हातोडी बसलेली असे. अर्ध्या तासात आम्ही दाराला तीन नवे पोचे पाडले. "तुझा डावा का माझा डावा?" "अहो, डावा तो डावा." असं आमचं चाललेलं, दोघांचेही आवाज चढलेले, आणि तेवढ्यात ठक, ठक असा काठीचा आवाज आला.

ताई वर्कशॉपच्या दारात उभी होती. ती चाळीस पावलं ती एकटी चालून आली होती.

तिने माझ्याकडे बघून मानेनेच 'सरक' केलं. मी सरकले. स्टूल पुढे ओढलं, ती बसली. काठी मांडीवर ठेवून डावा हात पुढे केला. मी ठोकळा दिला. तिने तो हातात तोलून बघितला, जुनी ओळख काढावी तसा, आणि पत्र्यामागे लावला. आवारात सगळं शांत होतं. भाऊजी दारापलीकडे हातोडी धरून उभे. त्यांना ती दिसत नव्हती, मधे दार होतं.

टक.

भाऊजींच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी बघितलं, पण ते सांगणं मला जमणार नाही. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि हातोडी मारली.

दोन दिवस ते काम चाललं. थोडं थोडं, कारण तीन टक लवकर यायच्या. मग भाऊजी लगेच थांबून उगाच अवजारं पुसत बसायचे, जणू त्यांनाच विश्रांती हवी आहे. सगळं दार ताईने डाव्या हाताने धरलं. फक्त खालचा मागचा कोपरा राहिला. तिथे दाराची आतली पट्टी आडवी येत होती, डावा हात पोचत नव्हता. भाऊजी म्हणाले, "राहू दे, तिथे मी पिशवी लावतो." मी बघितलं, ताईने ठोकळा उजव्या हातात घेतला होता. मूठ वळली होती, पण हात थरथरत होता, आणि कोपर गुडघ्यावर टेकवून ती तो आवरत होती. ओठ घट्ट मिटलेले.

टक.

भाऊजी मारत राहिले, अगदी हलक्या हाताने. बऱ्याच वेळाने दोन टक आल्या. इथलं झालं, पुढे चला.

भाऊजींनी त्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला. मी त्यांना ओळखते, तळवा एका जागी थबकला. तिथे लहर राहिली होती, अर्ध्या सुताची. ठोकळा थरथरला तिथे पत्रा पुरता बसला नव्हता. ताई दाराच्या कडेने वाकून त्यांच्याकडे बघत होती.

"झालं," भाऊजी म्हणाले. "संपलं दार."

मला वाटलं, ताई झोपली की हे गुपचूप येऊन पिशवी लावतील आणि कोपरा सरळ करतील. किंवा पुट्टी भरतील, जरी पुट्टीला ते हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हात फिरवून बघितला. लहर होती. त्यांनी प्रायमर मारला, लहर होती. रंग मारला, घासला, पुन्हा मारला, आणि लहर होती तिथेच होती. उजेड तिरका पडला की डोळ्यांनाही दिसायची.

पुढच्या रविवारी फुलवाला नेमका हजर. गाडी बघून त्याने कपाळाला हात लावला. "मिस्त्री, वीतभर खाली? आणि दार कापलंत? मूळपुरुषांनी?" मग गाडीखाली वाकून बघत म्हणाला, "निळे दिवे तेवढे राहिले." भाऊजीही हसले. फुलवाला तरी कसला थांबतोय, गाडीवरून हात फिरवायला लागला. इतकी वर्षं आमच्याकडे येऊन त्यालाही तळवा फिरवायची सवय लागली होती.

आम्ही ताईकडे बघत होतो. तिने काठी माझ्याकडे दिली. पहिली पायरी, चार इंच. दुसरी, चार इंच. पाठ गाडीकडे करून ती बाहेर तोंड केलेल्या खुर्चीवर बसली, अगदी घरच्या खुर्चीत बसते तशी. भाऊजींनी खुर्ची हळूच फिरवली. गुडघे चौकटीतून मोकळे आत गेले. तिने डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घेतला आणि पायाशी पाय लावून ठेवला. मग समोरच्या काचेतून बघितलं. त्या जागेवरून तिने कधीच काही बघितलं नव्हतं. तिची जागा नेहमी खाली, दारामागे, अंग चोरून. मी काठी उगाच दोन्ही हातांनी घट्ट धरली.

भाऊजींनी पायऱ्यांची घडी केली, दार लावलं. खट्ट. पण मेले हलतील तर शपथ. फट बघितली. वाकून खालून बघितली. दार उघडून पुन्हा लावलं. इतक्या वर्षांनी निघायची वेळ आली तर ह्या माणसाचा पाय निघेना. हात दारावरच.

शेजारी फुलवाल्याचा तळवा दारावरून फिरत फिरत खालच्या कोपऱ्यावर आला आणि थांबला. "मिस्त्री," तो हळू आवाजात म्हणाला, चूक दाखवताना म्हणतात तसा, "इथे लहर राहिली आहे. लक्षात नाही आलं वाटतं."

"आहे," भाऊजी म्हणाले. "मूळची आहे ती."

फुलवाल्याने आपला हात काढून घेतला. भाऊजींनी त्या कोपऱ्यावर स्वतःचा हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

आतून, त्याच जागी, आवाज आला. टक टक.

भाऊजींनी हात उचलला. गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, चढून बसले आणि इंजिन चालू केलं. ताईने काच खाली केली होती आणि खिडकीत कोपर ठेवलं होतं, उजवं. मी पळत जाऊन फाटक उघडलं.